गोल्ड रेटिंगची इमारत, शेवटचा मजला: बालेवाडीतल्या एका खरेदीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नावं, मजले आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मेघना आणि सचिन कोथरूडला भाड्याने राहत होते. सचिनची आई त्यांच्यासोबत. स्वतःचं घर घ्यायचं ठरल्यावर त्यांनी नवीन प्रकल्पांपेक्षा रीसेलकडे मोर्चा वळवला, कारण ताबा लगेच हवा होता. बालेवाडीतला हा तीन बेडरूमचा फ्लॅट त्यांनी फेब्रुवारीत पाहिला. शेवटचा मजला, पश्चिमेकडे उघडणाऱ्या दोन बेडरूम, समोर महामार्ग आणि त्यापलीकडे डोंगर. एजंटच्या भाषेत ‘सनसेट व्ह्यू’. इमारतीचा ताबा मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. गेटवर ग्रीन रेटिंगचा ‘गोल्ड’ असा पितळी फलक होता, आणि विक्रेत्या काकांनी जपून ठेवलेल्या माहितीपत्रकात ‘विजेच्या बिलात भरघोस बचत’ असं ठळक छापलं होतं.

फेब्रुवारीत पुण्यातलं कुठलंही घर छान वाटतं. घर पाहायला तो सर्वांत फसवा महिना आहे, असं माझं मत आहे. विसार द्यायची बोलणी सुरू झाली, तेव्हा मेघनाने त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूंना सहज विचारलं, ‘उन्हाळ्यात कसं असतं?’ आयटीत काम करणारी दोन मुलं होती ती. एकजण हसून म्हणाला, ‘ताई, मागच्या मेमध्ये आम्ही हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचो. बेडरूमचा एसी रात्री बारापर्यंत थकलेलाच असायचा.’

विसार लांबवून त्यांनी मला बोलावलं. मी वास्तुविशारद आहे, आणि इमारतींच्या उष्णतेचं मोजमाप हे माझं रोजचं काम.

अडचण नेमकी काय होती

‘गोल्ड’ इमारतीतलं घर इतकं कसं तापतं, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्याचं उत्तर द्यायचं तर हे तारे आणि पदकं कशाबद्दल बोलतात ते आधी पाहावं लागतं.

आपल्याकडे एकाच वेळी अनेक पद्धती चालू आहेत. आयजीबीसी आणि ग्रिहा या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या दोन पद्धती: पहिलीची सर्टिफाइड ते प्लॅटिनम अशी उतरंड आहे, दुसरीचे एक ते पाच तारे आहेत. दोन्हींत पाणी, कचरा, झाडं, बांधकामाचं साहित्य, सार्वजनिक वाहतुकीची जवळीक अशा बऱ्याच गोष्टींचे गुण असतात. ऊर्जा हा त्यातला एक विभाग. फक्त ऊर्जेबद्दल बोलणारं लेबल म्हणजे बीईई, अर्थात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं घरांसाठीचं स्टार लेबल. फ्रिज-एसीवर दिसतं तसंच, पण घरासाठी. ते ऐच्छिक आहे आणि रीसेलच्या बाजारात मला ते जवळपास दिसतच नाही. याच ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. घराच्या भिंती, छत आणि खिडक्यांमधून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तिच्यात आहेत. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही या कायद्याच्या कक्षेत आणल्या. पण घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जेचा दाखला दाखवायची सक्ती आपल्याकडे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा दाखला लागतो, आणि ‘ई’पेक्षा खालच्या श्रेणीचं घर नव्याने भाड्याने देण्यावर २०१८ पासून बंधन आहे. आपल्याकडच्या भाडेकरूला एसीवरचे तारे दिसतात, भिंतीचे दिसत नाहीत.

संहितेतली एक गोष्ट या प्रकरणात कळीची ठरली. भिंती आणि खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेसाठी ती आरईटीव्ही नावाचा आकडा वापरते. थंड प्रदेश सोडून बाकी सगळीकडे तो चौरस मीटरला १५ वॅटच्या आत असावा लागतो. हा आकडा संपूर्ण इमारतीच्या चारही बाजूंची सरासरी असतो, आणि त्यात छत धरलेलं नसतं. छतासाठी वेगळी मर्यादा आहे: यू-व्हॅल्यू, म्हणजे एक अंशाच्या फरकाला एक चौरस मीटरमधून आरपार जाणारी उष्णता, १.२ वॅटपेक्षा जास्त नको. थोडक्यात, मधल्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या फ्लॅटचा गारवा आणि पश्चिमेकडच्या फ्लॅटची होरपळ एकाच सरासरीत जातात. इमारत पास होते. शेवटच्या मजल्यावर पश्चिमेला झोपणाऱ्याला त्या पास होण्याचा उपयोग नसतो.

पाहणी

एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी आम्ही गेलो. मुद्दामच संध्याकाळी. दुपारी सगळ्यांचंच घर तापलेलं असतं, घराचा स्वभाव कळतो तो रात्री.

रात्री नऊच्या सुमारास बेडरूमच्या छताचा खालचा पृष्ठभाग ३९ अंशांवर होता आणि पश्चिमेची भिंत आतून ३७ वर. त्याच वेळी बाल्कनीतली हवा २९ अंशांपर्यंत उतरली होती. पुण्याची गंमतच ही आहे. दिवस तापतो, पण रात्र बऱ्यापैकी निवते. बाहेर निवलेली हवा आणि आत धगधगणारी खोली, असा प्रकार दिसला की समजायचं, उष्णता भिंतीत आणि स्लॅबमध्ये साठून राहिली आहे.

भिंत कशाची आहे हे आम्हाला भाडेकरूंनीच सांगितलं, तेही नकळत. ‘इथे साधा खिळा ठोकता येत नाही, वाकतो. कॅलेंडर लावायला पण हॅमर ड्रिलवाला बोलवावा लागला.’ म्हणजे भिंत ब्लॉकची नाही, काँक्रीटची. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओतायची, ज्याला साइटवर सगळे ‘मायवान’ म्हणतात, ती पद्धत. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, भूकंपात इमारत चांगली टिकते. पण १५० मिलिमीटरच्या काँक्रीट भिंतीची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या पुढे जाते. २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीची ०.८ च्या आसपास असते. चौपटीहून अधिक फरक. शिवाय एवढ्या जाडीच्या काँक्रीटमधून उष्णता आत पोचायला साधारण चार तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर चार ते सहाच्या दरम्यान पडलेलं ऊन बेडरूममध्ये आठ ते दहाला हजर होतं, नेमकं झोपायच्या वेळेला.

छतावर नेहमीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर होता, वर राखाडी सिमेंटचा थर. हिशेब केला तर यू-व्हॅल्यू सव्वादोनच्या जवळ, संहितेच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत उन्हाचा सगळ्यात मोठा वाटा भिंतींना नाही, गच्चीला मिळतो. कोब्यात दोन ठिकाणी ओलीच्या खुणाही दिसल्या. त्या वेळी त्या बिनमहत्त्वाच्या वाटल्या. पुढे सगळं प्रकरण त्यांच्यावरच फिरलं.

खिडक्या दोन ट्रॅकच्या सरकत्या. अशी खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. रात्रीची गार हवा आत घ्यायची झाली, तरी वाट अर्धीच.

मग वीजबिलं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, आणि माझ्या मते घर घेणाऱ्याच्या हातात आज असलेलं सर्वांत प्रामाणिक रेटिंग तेच. मागच्या मेमध्ये या फ्लॅटचा वापर ५२० युनिटांच्या वर गेला होता, म्हणजे ५०० पुढच्या सर्वांत महाग टप्प्यात. त्याच रांगेतल्या आठव्या मजल्यावरच्या कुटुंबाने आपलं बिल मोठ्या मनाने दाखवलं: माणसं पाच आणि युनिटं तीनशेच्या आसपास. बिलांची तुलना काटेकोर नसते हे मान्य. कोण घरून काम करतं, कोण गावाला गेलं होतं, यावर बरंच अवलंबून असतं. पण माणसं जास्त असूनही वापर इतका कमी म्हटल्यावर दिशा स्पष्ट होती.

फलकाचा शोध

पहिला निर्णायक टप्पा इथे आला. फलक खोटा होता का?

तसा तो खोटा नव्हता. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘प्री-सर्टिफाइड’ असं होतं. प्री-सर्टिफिकेशन नकाशावर मिळतं. इमारत उभी राहिल्यावर प्रत्यक्ष बांधकाम तपासून अंतिम प्रमाणपत्र दिलं जातं. रेटिंग देणाऱ्या संस्थेच्या अंतिम प्रमाणित प्रकल्पांच्या यादीत या इमारतीचं नाव नव्हतं. रेटिंगसाठी जोडलेल्या कागदांत बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या दाखवल्या होत्या. काकांचं मूळ साठेखत काढलं, तर त्यात साहित्याच्या परिशिष्टात लिहिलं होतं: ‘बाह्य भिंती: ब्लॉक / आरसीसी’. त्या तिरप्या रेघेत सगळं बसलं होतं. नकाशात ब्लॉक, बांधताना काँक्रीट, आणि करारात दोन्हींना जागा.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा मिळते: ग्रिहा तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७. तो घेतला आणि कबूल केलेलं रेटिंग मिळवलं नाही, तर त्या जादा एफएसआयवर रेडी रेकनरच्या जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. बिल्डरने हा लाभ घेतला असता तर सोसायटीच्या हाती भक्कम पत्ता आला असता. आम्ही मंजूर नकाशावरचा क्षेत्रफळाचा तक्ता पाहिला. तसा लाभ घेतलेलाच नव्हता. म्हणजे ‘गोल्ड’ हे फक्त विक्रीचं साधन होतं.

समोरचे पर्याय

मेघनाचा कल घर सोडून देण्याकडे होता. सचिनला जागा आवडली होती. आईंची बहीण पलीकडच्याच सोसायटीत राहते, हेही वजनदार कारण होतं. (अशा कारणांना अहवालात रकाना नसतो, पण बहुतेक घरं त्यांच्यामुळेच घेतली जातात.)

फ्लॅटच्या आतून करता येण्यासारखं बरंच होतं: फॉल्स सीलिंगच्या वर ग्लासवूल, पश्चिमेच्या भिंतीला आतून इन्सुलेशनचे पॅनेल, काचेला फिल्म, आणि दीडऐवजी दोन टनांचा एसी. ही सगळी कामं कुणाचीही परवानगी न घेता होतात, हा मोठा फायदा. पण आतून केलेल्या इन्सुलेशनमुळे वरचा स्लॅब तापायचा थांबत नाही. तो रोज तसाच तापतो आणि निवतो. खोलीची उंची कमी होते ती वेगळीच. मोठ्या एसीला मी ठाम विरोध केला. आधी उष्णता अडवायची, मग उरलेल्या उष्णतेपुरतं यंत्र घ्यायचं, हा क्रम उलटा केला की बिल जन्मभर भरावं लागतं.

बाहेरून करायचं तर गच्चीवर इन्सुलेशन आणि पश्चिमेच्या भिंतीवर उभी सावली. दुपारचं कलतं ऊन आडव्या छज्जाने अडत नाही, त्याला उभ्या पट्ट्या लागतात. पण गच्ची सोसायटीची, बाहेरची भिंतही इमारतीच्या दर्शनी भागात मोडते. दोन्हींना सर्वसाधारण सभेची संमती हवी, आणि मेघना-सचिन तर अजून सभासदही नव्हते.

तिसरा मार्ग महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिलेल्याला भरपाई मागता येते. पण जाहिरातीवर विसंबून पैसे दिले होते ते काकांनी. रीसेल घेणाऱ्याला हे सिद्ध करणं अवघड. कलम १४(३) मात्र वेगळं आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांत दोष आढळला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. आणि ‘अलॉटी’च्या, म्हणजे ज्याला बिल्डरने घर दिलं त्याच्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो. भाडेकरू येत नाही.

निर्णय आणि काम

गच्चीच्या ओलीच्या खुणा इथे उपयोगी पडल्या. घर तापतं या तक्रारीवर बिल्डरशी वर्षानुवर्षं वाद घालता येतो. गळती हा कलम १४(३) खालचा सरळसरळ दोष आहे. पाच वर्षं संपायला पुष्कळ अवकाश होता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने होणार असेल, तर त्याच कामात इन्सुलेशन घालणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. नंतर वेगळं करायचं तर कोबा पुन्हा फोडावा लागतो.

किंमतीची बोलणी मेघनाने केली. काकांना आधी ते रुचलं नाही. ‘अहो, गोल्डची बिल्डिंग आहे, आणि तुम्ही बिलं काय दाखवता?’ पण बिलं त्यांच्याच फ्लॅटची होती. मागितली तेवढी सूट मिळाली नाही, त्याच्या निम्मी मिळाली. त्यापेक्षा मोलाची गोष्ट साठेखतात लिहून घेतली: नाव हस्तांतरित होईपर्यंत गळतीबद्दलचं पत्र सोसायटीकडून बिल्डरला जावं यासाठी विद्यमान सभासद म्हणून काका सही करतील. ही ओळ नसती तर पावसाळा संपेपर्यंत काहीच हललं नसतं.

सोसायटीत दुसरी अडचण उभी होती. सामाईक विजेसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं कंत्राट जवळपास ठरलं होतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या पॅनेलना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे समितीला घाई होती. मी सेक्रेटरींना भेटून एवढंच सांगितलं की पॅनेलचे खांब एकदा स्लॅबवर बसले, की त्याखालचं वॉटरप्रूफिंग काढता येणार नाही. आधी गच्ची, मग पॅनेल. त्यांनी कंत्राट थांबवलं. या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय माझ्या मते हाच, आणि तो घेणाऱ्याचा या घराच्या खरेदीशी काहीही संबंध नव्हता.

सभेत अपेक्षित प्रश्न आला: ‘फायदा वरच्या चार फ्लॅटचा, पैसे आम्ही का द्यायचे?’ गच्ची सर्वांची, गळती सर्वांची, हे मान्य झालं. इन्सुलेशनच्या जादा खर्चाचा अर्धा भाग वरच्या चौघांनी आणि अर्धा सोसायटीने, असं ठरलं. सौर पॅनेल खाली थंड पृष्ठभाग असला की थोडी जास्त वीज देतात, हा मुद्दा एका निवृत्त इंजिनिअर सभासदांनी मांडला आणि कुरकुर थांबली.

बिल्डरने वॉटरप्रूफिंग करायला फार खळखळ केली नाही. पण सोसायटीने वर इन्सुलेशन टाकलं तर गॅरंटी देणार नाही, असं त्याने कळवलं. यावर बराच खल झाला. स्वतःचा ठेकेदार आणून इन्सुलेशन टाकायचं आणि गॅरंटी गमवायची, की इन्सुलेशन सोडून द्यायचं? शेवटी समितीने मधली वाट काढली: बिल्डरच्याच ठेकेदाराने दोन्ही थर टाकायचे, इन्सुलेशनचे पैसे सोसायटी देणार, आणि संपूर्ण कामाची एकच लेखी गॅरंटी. जुना कोबा काढला, वॉटरप्रूफिंगचा थर, त्याची पाणी साठवून चाचणी, त्यावर इन्सुलेशनसाठी ५० मिलिमीटरचे एक्सपीएस फोमचे बोर्ड, त्यावर उतार देऊन स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा थर, आणि पांढरी चायना मोझेइक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). पावसाळ्याआधी काम संपवायचं असल्यामुळे चाचणीचे दिवस कमी करायचा ठेकेदाराचा आग्रह होता. समिती हटली नाही.

फ्लॅटच्या आत मेघनाने दोनच गोष्टी केल्या. बेडरूमच्या सरकत्या खिडक्या काढून बाहेर उघडणाऱ्या कब्ज्याच्या खिडक्या बसवल्या, जाळीसकट. आणि जुने पंखे बदलून तीसेक वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले. एसी जुनाच ठेवला.

परिणाम

हिशेबाप्रमाणे छताची यू-व्हॅल्यू सव्वादोनवरून ०.५ च्या आसपास आली. पुढच्या एप्रिलमध्ये तशाच तापलेल्या दिवशी रात्री नऊला छताचा खालचा पृष्ठभाग ३४ अंशांवर होता. खिडक्या पूर्ण उघडत असल्यामुळे दहानंतर वारा येतो, आणि आई एसी न लावता झोपतात. मेमध्ये बिल ३८० युनिटांवर थांबलं. यात पंख्यांचा वाटा आहे, राहणाऱ्यांच्या सवयींचाही आहे. सगळं श्रेय गच्चीला देता येणार नाही.

पश्चिमेची भिंत आहे तशीच आहे. रात्री नऊला ती अजूनही ३६-३७ अंशांवर असते. मास्टर बेडरूममध्ये एसी लागतो तो तिच्यामुळेच.

वेगळं काय करता आलं असतं

घर पाहायला जातानाच मेचं बिल मागायला हवं होतं. विसाराची तारीख ठरल्यावर बिल मागितलं की विक्रेत्याला तो अविश्वास वाटतो. पहिल्या भेटीत मागितलं तर नुसती चौकशी असते.

भिंतीच्या बाबतीत गच्चीसारखा नेट लागला नाही. गच्चीचा ठराव मांडताना पश्चिमेच्या उभ्या पट्ट्यांचा ठरावही त्याच सभेत मांडायला हवा होता. लोक तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत होते, ठेकेदारही दारात होता. आम्ही एका वेळी एकच विषय घेऊ म्हटलं. नंतर विषय थंडावला, आणि दर्शनी भागाच्या एकसारखेपणावरून तीन वेगळ्या मतांचे गट झाले.

अंतिम प्रमाणपत्राचा पाठपुरावाही काकांसारख्या मूळ खरेदीदारांनी एकत्र येऊन लवकर करायला हवा होता. कलम १२ ची ताकद त्यांच्याच हातात होती. त्यातले बरेचजण आता फ्लॅट विकून किंवा भाड्याने देऊन बाहेर पडले आहेत. भाडेकरू मुलांचं म्हणाल तर, दोन उन्हाळे सर्वांत महाग टप्प्याची बिलं भरली त्यांनी, आणि तक्रार करायला कायद्याने त्यांना जागाच नव्हती.

समितीने बिल्डरला दोन मुद्द्यांचं पत्र दिलं आहे: अंतिम रेटिंग मिळवा, नाहीतर फलकावर ‘प्री-सर्टिफाइड’ असं लिहा. पश्चिमेच्या पट्ट्यांचा नमुना एका फ्लॅटवर लावून पाहायला पुढच्या सभेत परवानगी मागायची आहे. खर्च मेघना-सचिन करणार, आणि नमुना नापसंत ठरला तर स्वखर्चाने काढायचीही त्यांची तयारी आहे.